ऑनलाइन पाठ्यक्रमांचा खर्च आणि कारभार

१. विषयाची मर्यादा

विद्यापीठीय शिक्षणात ऑनलाइन पाठ्यक्रमांना आता अधिकृत स्थान प्राप्त झाले आहे. विद्यार्थ्याने अशा पाठ्यक्रमांतून मिळविलेले श्रेयांक त्याच्या पदवीत धरले जातात, आणि काही विद्यापीठे संपूर्ण पदवीच ह्या मार्गाने देतात. ह्या शिक्षणपद्धतीच्या गुणदोषांविषयी पुष्कळ बोलले जाते. ती कोणाच्या द्रव्यावर चालते, ते द्रव्य कोणत्या कामी लागते व त्याचा कारभार कोण पाहतो, ह्या प्रश्नांची चर्चा मात्र बहुधा हिशेबखात्यापुरती राहते. वस्तुतः हे प्रश्न केवळ हिशेबाचे नाहीत. शिकविण्याचे स्वरूप कसे राहील, हे पुष्कळ अंशी त्यांच्या उत्तरांवर ठरते. म्हणून अध्यापकांनी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्यांचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रारंभी दोन संज्ञांचा अर्थ निश्चित करणे इष्ट होईल. प्रस्तुत लेखात ‘अभ्यासक्रम’ ही संज्ञा पदवीपर्यंत नेणाऱ्या संपूर्ण योजनेस, आणि ‘पाठ्यक्रम’ ही संज्ञा त्या योजनेतील एका श्रेयांकयुक्त घटकास उद्देशून वापरली आहे. हा भेद केवळ शाब्दिक नाही. एखाद्या पाठ्यक्रमाचा खर्च अनुदानातून भागू शकतो; संपूर्ण अभ्यासक्रम चालवावयाचा झाल्यास प्रवेश, शुल्क, परीक्षा, तक्रारनिवारण अशी सर्व यंत्रणा उभारावी लागते, आणि मग द्रव्याचा प्रश्न निराळे रूप धारण करतो.

२. खर्चाचे तीन भाग

वर्गातील अध्यापनाचा खर्च कसा वाढतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. विद्यार्थी वाढले की तुकड्या वाढतात, तुकड्या वाढल्या की अध्यापक व खोल्या वाढतात. ऑनलाइन पाठ्यक्रमाच्या बाबतीत ही साखळी तुटते, असा समज प्रचलित आहे. व्याख्यान एकदा चित्रित केले की ते शंभरांनी पाहिले काय आणि लाखांनी पाहिले काय, खर्च सारखाच, असा त्या समजाचा आशय असतो. ह्या विधानात तथ्य आहे, परंतु ते एका भागापुरतेच आहे.

ऑनलाइन पाठ्यक्रमाच्या खर्चाचे तीन भाग पडतात. पहिला भाग निर्मितीचा. त्यात लेखन, चित्रण, संपादन, प्रश्नसंच, आकृत्या व इतरांच्या साहित्याच्या वापरासाठी घ्यावयाच्या परवानग्या ह्यांचा समावेश होतो. हा खर्च आरंभी एकदा करावा लागतो, आणि विषय जुना झाला म्हणजे काही वर्षांनी पुन्हा करावा लागतो. दुसरा भाग वितरणाचा. संगणकीय व्यासपीठ, साठवण, सुरक्षितता व तांत्रिक कर्मचारी हे त्याचे घटक होत. हा खर्च विद्यार्थिसंख्येबरोबर वाढतो, परंतु मंद गतीने. तिसरा भाग साहाय्याचा व मूल्यमापनाचा. विद्यार्थ्याच्या शंकेला उत्तर देणे, त्याचा स्वाध्याय वाचून त्यावर अभिप्राय लिहिणे, परीक्षा घेणे व तपासणे ही कामे ह्यात येतात. हा खर्च विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणातच वाढतो; वर्गात जी साखळी होती तीच येथे पुन्हा आढळते.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका पाठ्यक्रमाच्या निर्मितीस १२ लाख रुपये लागले व तो चार वर्षे, दरवर्षी एकदा, चालवावयाचा आहे. म्हणजे निर्मितीचा वार्षिक भार ३ लाख रुपये झाला. दर २५० विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक नेमला व त्याचे मानधन एका सत्रास १ लाख रुपये धरले. परीक्षेचा खर्च दर विद्यार्थ्यामागे ६०० रुपये धरला. वितरणाचा खर्च सोयीसाठी सोडून देऊ. विद्यार्थी १०० असतील, तर दर विद्यार्थ्यामागे निर्मितीचे ३,०००, मार्गदर्शनाचे १,००० व परीक्षेचे ६०० असे एकूण ४,६०० रुपये पडतात. विद्यार्थी ३,००० झाले, तर निर्मितीचा वाटा १०० रुपयांवर येतो, मार्गदर्शनाचा ४०० रुपयांवर येतो व परीक्षेचा ६०० रुपयांवरच राहतो. एकूण १,१०० रुपये.

ह्या हिशेबातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की संख्या वाढली म्हणजे खर्च उतरतो हे खरे. परंतु तो शून्याकडे जात नाही, साहाय्य व परीक्षा ह्यांच्या पातळीवर येऊन थांबतो. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. विद्यार्थिसंख्या मोठी असताना निर्मितीवर काटकसर करून फारसे काही वाचत नाही. जे काही वाचवावयाचे ते माणसावरच वाचवावे लागते. वरील उदाहरणात बारा मार्गदर्शक काढून टाकले की एका सत्रात १२ लाख रुपये, म्हणजे निर्मितीच्या सर्व खर्चाइतकी रक्कम, शिल्लक राहते. आर्थिक अडचणीतील संस्थेला हा मोह का पडतो, हे ह्यावरून ध्यानी येईल.

३. द्रव्याचे चार मार्ग

जगातील विद्यापीठांनी ह्या खर्चाची सोय स्थूलमानाने चार प्रकारांनी केलेली दिसते.

(अ) शासकीय अनुदान. दूरशिक्षणाच्या संदर्भात ह्या मार्गाचे ठळक उदाहरण ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाचे आहे. त्यास १९६९ साली सनद मिळाली व १९७१ च्या जानेवारीत सुमारे २५,००० विद्यार्थ्यांनिशी अध्यापन सुरू झाले. आंतरजालाच्या पूर्वीची ही संस्था; तरी तिच्या व्यवस्थापनाची घडी आजही अभ्यसनीय आहे. पाठ्यसामग्री एकट्या प्राध्यापकाने न लिहिता विषयतज्ज्ञ, संपादक व प्रसारणातील जाणकार ह्यांच्या मंडळाने सिद्ध करावयाची, आणि विद्यार्थ्यांचे स्वाध्याय तपासण्यासाठी अंशकालीन शिक्षकांचे देशव्यापी जाळे स्वतंत्रपणे ठेवावयाचे, अशी ती घडी होती. निर्मिती व साहाय्य ह्या दोन्ही भागांसाठी अंदाजपत्रकात प्रथमपासून जागा होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

भारतात २००३ साली सात भारतीय तंत्रज्ञान संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था ह्यांनी केंद्रशासनाच्या द्रव्यावर ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम आरंभिला. पुढे २०१४ पासून त्यात प्रमाणपत्र देणारे पाठ्यक्रम सुरू झाले, आणि ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ ह्या राष्ट्रीय व्यासपीठाचे उद्घाटन झाले. स्वयम्‌वरील शिक्षण विनामूल्य आहे. प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेचे शुल्क भरावे लागते. एनपीटीईएलच्या बाबतीत हे शुल्क गेली अनेक वर्षे एका पाठ्यक्रमामागे १,००० रुपयांच्या आसपास राहिले आहे. म्हणजे येथे निर्मितीचा भार शासनाने व परीक्षेचा भार काही अंशी विद्यार्थ्याने उचलला आहे.

(आ) देणगी व स्वनिधी. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २००१ साली आपली पाठ्यसामग्री सर्वांस खुली करण्याचा संकल्प जाहीर केला, त्यास मेलन व ह्यूलेट ह्या दोन प्रतिष्ठानांनी १ कोटी १० लाख डॉलरचे साह्य दिले. २०१२ साली तीच संस्था व हार्वर्ड विद्यापीठ ह्यांनी प्रत्येकी ३ कोटी डॉलर देण्याचे ठरवून ‘एडएक्स’ ही ना-नफा संस्था स्थापन केली. विद्युन्मंडले व इलेक्ट्रॉनिकी ह्या विषयावरील त्यांच्या पहिल्या पाठ्यक्रमास सुमारे १,५५,००० जणांनी नावे नोंदविली; त्यांपैकी ७,१५७ जण उत्तीर्ण झाले. इतक्या लोकांनी एका कठीण विषयात यश मिळविले, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि विनामूल्य शिक्षणाचा आवर्ती खर्च देणगीतून अखंड भागत नाही, हा अनुभव पुढे आलाच. २०२१ साली एडएक्सचे व्यासपीठ ‘टूयू’ ह्या व्यापारी कंपनीने ८० कोटी डॉलरला विकत घेतले.

(इ) उत्पन्नाची वाटणी. ज्या विद्यापीठाजवळ निर्मितीसाठी आरंभीचे भांडवल नाही, त्याला एखादी कंपनी ते भांडवल पुरविते. व्यासपीठ, जाहिरात व प्रवेशार्थींशी संपर्क ही कामे ती करते आणि मोबदल्यात शुल्काचा वाटा अनेक वर्षे घेते. अमेरिकेत अशा करारांत कंपनीचा वाटा पुष्कळदा निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक, असतो. तेथे १९९२ च्या कायदादुरुस्तीने प्रवेशसंख्येच्या प्रमाणात दलाली देण्यास बंदी घातली होती. परंतु प्रवेशासंबंधीचे काम इतर सेवांच्या जोडीने केले जात असेल, तर उत्पन्नाची वाटणी करता येईल, असा अर्थ तेथील शिक्षणविभागाने २०११ साली लावला, आणि ह्या व्यवसायाचा विस्तार झाला.

ह्या पद्धतीतील धोका करारातच दडलेला असतो. कंपनीचे उत्पन्न प्रवेशांवर अवलंबून असल्यामुळे शुल्क उतरविण्यात तिचे हित नसते व प्रवेश रोखण्यातही नसते. उलट शैक्षणिक दर्जाची जबाबदारी विद्यापीठाच्या नावावर राहते. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ हे टूयूचे सर्वांत जुने भागीदार. त्याने २०२३ साली ही भागीदारी बहुतांशी आवरती घेण्याचे ठरविले. पुढे २०२४ च्या जुलैत टूयूने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला, आणि त्यानंतर कर्जाची पुनर्रचना होऊन ती कंपनी खाजगी स्वरूपात चालू राहिली. विद्यापीठाच्या पदवीची मजल वर्षांची असते आणि कंपनीच्या ऋणाची मुदत निराळी असते, हे ह्या प्रकरणातून दिसून आले.

(ई) अल्प शुल्क व मोठी संख्या. जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने संगणकशास्त्रातील पदव्युत्तर पदवी २०१४ च्या जानेवारीपासून ऑनलाइन देण्यास आरंभ केला. संपूर्ण पदवीचे शुल्क सुमारे ७,००० डॉलर, म्हणजे तेथील प्रत्यक्ष पदवीच्या मानाने पुष्कळच कमी, ठेवण्यात आले. आरंभीच्या खर्चासाठी एटी अँड टी ह्या कंपनीने २० लाख डॉलर दिले. पुढील खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कातून निघावा अशी योजना होती. विद्यार्थिसंख्या काही हजारांवर गेली आणि ती योजना टिकली.

ह्या यशाचे श्रेय केवळ चित्रफितींना दिले जाते ते बरोबर नाही. त्या अभ्यासक्रमात स्वाध्याय तपासणारे व शंकांना उत्तरे देणारे शिक्षक-साहाय्यक मोठ्या संख्येने नेमलेले असतात. २०१६ साली तेथील प्राध्यापक अशोक गोयल ह्यांनी आपल्या पाठ्यक्रमात नेहमीच्या प्रश्नांना उत्तरे देणारा एक यांत्रिक साहाय्यक योजिला, व त्याची बरीच चर्चा झाली. तो यंत्रसाहाय्यक मानवी साहाय्यकांच्या जोडीला होता, त्यांच्या ठिकाणी नव्हता. मुदत केव्हा संपते, उत्तर कोणत्या स्वरूपात द्यावयाचे, असे प्रश्न त्याने हाताळावयाचे आणि माणसांना कठीण प्रश्नांसाठी मोकळे ठेवावयाचे, अशी ती विभागणी होती. आज यंत्रांची भाषिक शक्ती खूपच वाढली आहे. तरीही कोणते काम यंत्राकडे द्यावयाचे व त्यातून वाचलेला वेळ कोणासाठी खर्चावयाचा, हा निर्णय संस्थेलाच करावा लागतो.

४. भारतीय नियमांची चौकट

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली स्वयम्‌वरील पाठ्यक्रमांतून एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्यास मुभा दिली. २०२१ साली ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेण्यात आली. संपूर्ण अभ्यासक्रमांसाठी २०२० चे मुक्त, दूर व ऑनलाइन शिक्षणाचे विनियम लागू आहेत. ह्या विनियमांतील दोन तरतुदी आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत.

पहिली तरतूद मनुष्यबळाची. प्रत्येक ऑनलाइन अभ्यासक्रमास एक समन्वयक, प्रत्येक पाठ्यक्रमास एक समन्वयक, आणि दर २५० विद्यार्थ्यांच्या तुकडीस एक मार्गदर्शक असावा, असे त्यात सांगितले आहे. साहाय्याचा खर्च हा ऐच्छिक नसून अपरिहार्य आहे, हे तत्त्व येथे मान्य झाले आहे. २५० ही संख्या मोठी की लहान, हे विषयावर अवलंबून राहील. दुसरी तरतूद अशी की विद्यापीठाने आपला अभ्यासक्रम परस्पर दुसऱ्या संस्थेकडे चालवावयास देऊ नये. शिक्षणतंत्राच्या क्षेत्रातील काही कंपन्या विद्यापीठांच्या नावाने पदव्यांच्या जाहिराती करू लागल्यामुळे आयोगाने २०२२ च्या जानेवारीत ह्याविषयी जाहीर इशाराही दिला. तांत्रिक सेवा विकत घेणे व अध्यापनाचा अधिकार दुसऱ्याच्या हाती सोपविणे ह्यांतील रेषा करार लिहिताना स्पष्ट आखली नाही, तर ती पुढे आखता येत नाही.

५. लहान विषयांची अडचण

वरील चारही मार्गांत एक गृहीत समान आहे, ते म्हणजे विद्यार्थ्यांची विपुलता. संगणकशास्त्र किंवा व्यवस्थापन ह्या विषयांत ते गृहीत खरे ठरते. परंतु भाषाविज्ञान, पुरालेखविद्या, पाली, अर्धमागधी अशा विषयांचे काय? ज्या पदव्युत्तर वर्गात वीस विद्यार्थी असतात, त्याच्या एका पाठ्यक्रमास वरील हिशेब लावला, तर निर्मितीचाच वाटा दर विद्यार्थ्यामागे १५,००० रुपये येतो. बाजाराच्या न्यायाने असा पाठ्यक्रम कधीच निर्माण होणार नाही. मराठी माध्यमातील उच्च शिक्षणालाही हाच न्याय लागू पडतो, कारण वाचकवर्ग जितका मर्यादित तितका निर्मितीचा भार जड.

शिवाय ह्या विषयांत साहाय्याचे स्वरूपही निराळे असते. ध्वनिलेखनाचे उदाहरण घेऊ. ‘चार’ आणि ‘चाक’ ह्या शब्दांतील आद्य व्यंजने लिपीत एकच दिसतात, उच्चारात मात्र एक तालव्य व दुसरे दंततालव्य आहे. हा भेद व्याख्यानातून उत्तम रीतीने सांगता येतो. ध्वनिमुद्रण वारंवार ऐकण्याची सोय असल्यामुळे वर्गापेक्षाही चांगला सांगता येईल. विद्यार्थ्याने बोलीचा नमुना ऐकून केलेले लेखन मात्र कोणीतरी तपासावे लागते. त्यात चूक आढळली, तर ती ऐकण्याची आहे, चिन्ह ठाऊक नसल्याची आहे, की विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बोलीत तो भेद वेगळ्या रीतीने येत असल्याची आहे, हे ओळखणे म्हणजेच शिकविणे. चार पर्यायांतून एक निवडण्याच्या प्रश्नाने ते होत नाही. अशा विषयात २५० विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक अपुराच पडणार.

ह्यावर उपाय नाही असे नाही. एकाच विषयाचे चार-पाच विद्यापीठांतील विभाग एकत्र आले, तर निर्मितीचा भार वाटून घेता येतो, आणि साहाय्याचे काम प्रत्येक विभाग आपापल्या विद्यार्थ्यांपुरते करू शकतो. स्वयम्‌वर उपलब्ध असलेले व्याख्यान अन्य विद्यापीठाचे असेल, तरी त्याभोवती मराठीतील टिपणे, स्वाध्याय व साप्ताहिक चर्चावर्ग उभारणे हेही शक्य आहे. मात्र त्यासाठी त्या स्थानिक कामाची गणना कार्यभारात झाली पाहिजे.

६. कार्यभाराचा प्रश्न

येथे आपण ह्या विवेचनाच्या मर्माशी येऊन पोहोचतो. अनुदान देणाऱ्यास निर्मितीवर खर्च करणे सुकर वाटते. अमुक इतके तास चित्रित झाले, अमुक इतके पाठ्यक्रम सिद्ध झाले, असे त्यास अहवालात लिहिता येते. साहाय्याच्या कामाचे असे मोजमाप होत नाही. ते दरवर्षी नव्याने करावे लागते आणि त्यातून दाखविण्याजोगी वस्तू उरत नाही. परिणामी चित्रणगृहासाठी द्रव्य मिळते आणि मार्गदर्शकासाठी मिळत नाही. मग ते काम एखाद्या अध्यापकाच्या नेहमीच्या तासिकांवर विनामोबदला लादले जाते, अथवा अल्प मानधनावरील तात्पुरत्या शिक्षकाकडे जाते, अथवा होतच नाही. तिन्ही प्रसंगी संस्थेच्या हिशेबात बचत दिसते. प्रत्यक्षात खर्च नाहीसा झालेला नसतो, तो केवळ अध्यापकाच्या वा विद्यार्थ्याच्या अंगावर ढकललेला असतो.

म्हणून आपल्या विभागापुढे एखाद्या ऑनलाइन पाठ्यक्रमाचा प्रस्ताव आला, म्हणजे त्याची परीक्षा पुढील प्रश्नांनी करावी असे सुचवावेसे वाटते. निर्मितीनंतरच्या दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाचे अंदाजपत्रक प्रस्तावात आहे काय? विद्यार्थ्यांना उत्तरे देण्याचे व स्वाध्याय तपासण्याचे काम कोण करणार, आणि त्यास किती तास मोजले जाणार? सामग्रीचे स्वामित्व कोणाकडे राहील, आणि ती तयार करणारा अध्यापक अन्यत्र गेला अथवा निवृत्त झाला तर तिची दुरुस्ती कोण करील? बाहेरील कंपनीशी करार असेल, तर तो संपल्यावर विद्यार्थ्यांच्या नोंदी व सामग्री विद्यापीठाच्या हाती परत येतील काय? पाठ्यक्रम बंद करावयाची वेळ आली, तर मध्यावर असलेल्या विद्यार्थ्यांची सोय काय?

ह्यांपैकी एकाही प्रश्नासाठी तंत्रज्ञानाचे विशेष ज्ञान लागत नाही. विद्यापरिषदेत वा अभ्यासमंडळात बसणाऱ्या कोणाही सदस्यास ते विचारता येतील. ऑनलाइन शिक्षणाने नोकरी करणाऱ्या, दूरच्या तालुक्यात राहणाऱ्या व घरच्या जबाबदारीमुळे विद्यापीठाच्या गावी येऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी एक दार उघडले आहे, आणि ते उघडे राहिले पाहिजे ह्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु त्या विद्यार्थ्यापाशी विचारावयास सहाध्यायी नसतो व ग्रंथालयही जवळ नसते. त्याने लिहून पाठविलेल्या प्रश्नाला उत्तर मिळते की नाही, ह्यावरच त्याचे शिक्षण अवलंबून असते. ते उत्तर लिहिणाऱ्याचे वेतन अंदाजपत्रकाच्या कोणत्या सदराखाली येते, हे आपण प्रत्येक प्रस्तावात प्रथम पाहावे.